हुद्द्याचा रकाना

पहाटे चारला जनरेटर खोकतो, तेव्हा उठायचं.
आधी बूट झटकायचे. विंचू इथला जुना भाडेकरू,
भाडं मात्र आपणच भरायचं.
मग रात्रभर आत आलेली वाळू.
अल्लाची ती खजुरीच्या झावळीनं झाडतो,
ऑपरेशनच्या टेबलाखालून, सलाईनच्या खांबांभोवतून,
आणि लांब नेऊन टाकत नाही, दाराशीच ठेवतो.
"कशाला दमायचं," म्हणतो, "घर तिचंच आहे.
आपण सामान घेऊन आलेली माणसं."

मी दक्षिणेचा, मुंदूचा. आमच्याकडे नदी आहे.
इथे फायाच्या पलीकडे नदी टँकरमधून येते,
गुरुवारी,
आणि रविवारी आटते.
देनेमाजी सिस्टर हात धुते ते पाणी बादलीत,
बादलीतल्या पाण्यात फडकी,
फडक्यांचं पाणी टोमॅटोच्या रोपाला,
जे तिनं औषधाच्या खोक्यात लावलंय.
आजवर तीन टोमॅटो आले.
तिसरा कुणी खाल्ला, याची चौकशी अजून चालू आहे.

माझं काम नोंदवही.
नाव, हुद्दा, तुकडी, जखम, वेळ, शेरा.
शेऱ्याचा रकाना अरुंद,
'डावा पाय' लिहिलं की भरतो.
मार्चमध्ये एका दिवशी एकवीस ओळी लिहिल्या;
पेन इतकं रुतलं होतं
की ते पान मागून चाचपलं तरी वाचता येतं.

आज कुणी आलं नाही.
नऊला नाही, दहाला नाही.
उकळलेल्या कात्र्या थाळीत गार झाल्या.
अकरा वाजता टेबलावर पडलेल्या थर्मामीटरला
आपला आपणच ताप चढला, एक्केचाळीस.
कुणी म्हणालं नाही की बरं झालं.
असं बोललं की दृष्ट लागते,
एवढं उत्तरेलाही कळतं, दक्षिणेलाही.

मेजर हग्गारनी शेवटी एक कात्री उचलली
आणि पोरांचे केस कापायला बसले.
सहा नंबरच्या डोळ्यांवर पट्टी,
तो सारखा विचारी, कसं दिसतंय?
सात नंबर म्हणाला, मुलगी बघायला जा आता.
आठ नंबर हसला, टाके ताणले,
आणि सगळ्यांना आईवरून शिव्या.
चहा तीनदा झाला:
पहिला कडू, दुसरा बरा,
तिसरा म्हणजे साखर खायचं निमित्त.

उन्हं कलताना वाटेवर धूळ दिसली.
सगळे उभे. सिस्टरनं हातमोजे चढवले.
स्ट्रेचर बाहेर.
आली एक म्हातारी, पायी,
दोरीला उंटाचं पिल्लू, तीन पायांवर.
चौथ्यात तार रुतलेली, गंजकी, काटेरी,
कुठल्या लढाईची कोण जाणे.
या वाळूत सगळ्यांनीच काही ना काही पेरून ठेवलंय.

मेजर बराच वेळ आभाळाकडे बघत राहिले.
मग म्हणाले, "तो मुदत संपलेला धागा आहे ना, काढा."
चौघांनी धरलं. अकरा टाके.
एवढ्या लांब पापण्या
आमच्या खाटांवर आजवर कुणाच्या नव्हत्या.

मी वही उघडली. नाव?
"कल्तूमा."
तुमचं नाही, पेशंटचं.
खुळ्याकडे बघावं तशी ती बघत राहिली.
"अजून ठेवलं नाही. आधी जगतंय का बघू.
उन्हाळा काढला तर नाव."
तुकडी?
"आई पुढं गेली चरायला."
हुद्द्याच्या रकान्यात मी रेघ मारली.
पहिल्यांदाच मारली, हात जरा हलकाच पडला.

जाताना तिनं थाळीत मूठभर खजूर ठेवले,
कात्र्यांच्या शेजारी.
अल्लाचीनं वाळूतली पावलं मोजली:
दोन तिची, आणि पुढे, अडखळत का होईना, चार.

रात्री रेडिओवर आकडा सांगायचा असतो.
"एक," मी म्हणालो.
"जिवंत?"
"चालत गेलं."
तिकडे नुसती खरखर.
मग: "कुठल्या तुकडीचा जवान?"
बॅटरी संपत आलीय, असं मी सांगितलं.