सुटी रेघ

आमचं कोर्ट म्हणजे हळद वाळवायची फरशी.
वसमतला सिमेंटची सपाट जागा
रिकामी कोण ठेवील?
जुलैत आम्ही तीनदा झाडलं, दोनदा धुतलं,
तरी भेगांतून पिवळं निघतच राहिलं.
चेंडू पिवळा, तळवे पिवळे.
निकहतची अम्मी दारातच म्हणाली,
"किसके हल्दी कू गई थी गे?"

बोखारे सर मूळचे खो-खोचे.
बास्केटबॉल त्यांनी पुस्तकातून आणला
आणि खळ्यावरून शिकवला :
"एक पाय तिवडा कर. रोवलेला.
दुसऱ्यानं फीर, कुठं फिरायचं तिकडं फीर.
तिवडा हलला की शिट्टी."

रिंगला जाळी नव्हती.
सिद्धेश्वर धरणावर मासे धरणाऱ्या
शिवकांताच्या मामानं विणून दिली,
इतकी दाट
की चेंडू आत जायचा आणि खाली येईचना.
दर बास्केटला कुणीतरी उडी मारून
खालून बुक्की घालायची.

सात जणी आम्ही. मी सातवी.
गुडघा बरा होता माझा, खेळ बरा नव्हता.
सरांनी लाल चोपडी दिली, किराणा दुकानात असते ती.
डावीकडं आपण, उजवीकडं ते.

पहिली मॅच न खेळता जिंकलो,
समोरच्यांची जीप जिंतूरच्या अलीकडं बंद पडली.
तरी घाम येईस्तोवर वॉर्मअप केला.
ड्रेस घातले होते ना.
दुसरी नांदेडात, लाकडी फ्लोअरवर.
चौदा – एकावन्न.
निकहत चेंडूकडं बघत म्हणाली, "इसकू अपनी आदत नै."
चौदातले अकरा तिचेच.
तिसरी एका गुणानं आमची.
त्या पानावर शाई फुटलीय,
मी फार दाबून लिहिलं.

चौथीच्या दिवशी शिवकांताची पोलीस भरती.
हिंगोलीत, पहाटे पाचला, आठशे मीटर, मग गोळा.
"येते गं दुपारपर्यंत," म्हणाली.
सगळ्यात उंच ती.
आम्हाला ठाऊक होतं, ती येणार नाही,
यायलाही नको.
दीक्षानं तिला आपले बूट दिले
आणि स्वतः शाळेतल्या कॅनव्हासच्या बुटांत उतरली.

शेवटची तीन मिनिटं.
दीक्षाचा पाचवा फाऊल.
मैदानात चौघी.
सर माझ्याकडं नाही,
माझ्या मांडीवरच्या चोपडीकडं बघायलेत.

मी ती क्रूझरवाल्या मारोतरावांच्या हातात दिली.
"चेंडू आत गेला की एक रेघ ओढा."
"कळतंय की, पोत्यावानी."
मोंढ्यात जन्म गेला त्यांचा.

मैदानात मी काय केलं?
चेंडू एकदाच हाती आला,
घामानं ओला, जड,
नुकत्या जन्मलेल्या वासरासारखा निसटता.
पाय तिवडा केला. फिरले.
पुढचं मला नीट सांगता येत नाही.
एरवी सगळ्यांचं मीच लिहायचे.

शिट्टी झाली. फळ्यावर त्यांचा आकडा मोठा.
चोपडी परत आली.
डावं नाही, उजवं नाही,
मधोमध चार उभ्या, वर एक आडवी,
पुढं दोन सुट्या.
आमचं-त्यांचं एकाच काट्यावर जोखलेलं.
"लई पडले बघा पोरीहो," मारोतराव म्हणाले, "एकूण."
अश्लेषा आधी हसली, मग रडली,
मग औंढ्यापर्यंत झोपली.

आता फेब्रुवारी.
शिवकांताचं नाव यादीत आलं,
दीक्षाचे बूट ती घासून देऊन गेली.
कोर्टावर उकडलेली हळद पसरलीय, कडेपासून कडेपर्यंत,
दोन बाया फावड्यानं उलथवतायत.

वर जाळीत चेंडू अडकलाय.
काल संध्याकाळी, हळद पडायच्या आधी,
कुणीतरी शेवटचा टाकला
आणि बुक्की घालायला कुणी थांबलं नाही.
हळदीवर पाय देता येत नाही.
वाळून पोत्यात जाईस्तोवर पंधरा दिवस
तो तिथंच, आत गेलेला, न पडलेला.

मी चोपडी घेऊन कठड्यावर बसलेय.