काटा

तिबिलिसीत, भंगारबाजाराच्या मागे,
मामाच्या गॅरेजात
आम्ही साखळीला टांगून उपसून काढलं
जुंबेरच्या व्होल्गाचं इंजिन.
बासष्टची गाडी, नाकावर उडी घेणारं हरीण,
पोटात दमेकरी चार सिलिंडर.
त्यांच्या जागी बसलं जपानी व्ही-एट,
कुणाच्या तरी अपघातातून वाचलेलं.
बसलं म्हणजे,
मामानं तळ कापला, पुन्हा जोडला,
तीनदा शिव्या दिल्या,
एकदा क्रूस काढला छातीवर.

चारी चाकांना डिस्क ब्रेक आले.
स्टिअरिंगमधली चार बोटं ढिलाई गेली.
क्लच तर मुळातच गेला.
म्हातारा आत बसला
आणि डाव्या पायानं हवा दाबत राहिला.

लोखंड मामाचं, आकडे माझे.
लॅपटॉपची वायर डॅशबोर्डखाली खोचून
मी पेट्रोलचे थेंब मोजत होते
तेव्हा त्यानं विचारलं,
"किती तापते?"
"तापत नाही, बाबुआ. पंखा आपोआप लागतो."
"ज्वारीच्या घाटातही?"
"घाटातही नाही."

टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली.
"मग झऱ्यापाशी थांबायचं
काय सांगून?"

झऱ्यापाशी एतेरी मध विकते.
चाळीस वर्षं तिच्याच बादलीनं
त्यानं रेडिएटर भरला.
"पाणी देता का?"
"घ्या."
बोलणं एवढंच.
बाकीचं वाफेनं सांभाळलं.

तराजूचा असो की मीटरचा,
काट्यानं खोटं बोलू नये:
मामानं शिकवलेलं पहिलं वाक्य.
त्या रात्री मी चार ओळी घुसडल्या.
उंची दोन हजार मीटरच्या वर,
रस्ता चढाचा,
तर काटा लालमध्ये.
इंजिन आपलं गार, मजेत, बेखबर.

रविवारी रात्री उशिरा हॉर्न वाजला.
"तुमचं जपानी!" जुंबेर दारातूनच ओरडला,
"एवढे लारी मोजले,
आणि बसलं शेवटी त्याच वळणावर!"
चेहरा असा, जणू शर्यत जिंकून आलाय.
टेबलावर मधाची बरणी आपटली,
झाकणाला अजून दोरा बांधलेला.

मामा तेव्हापासून
टॉर्च तोंडात धरून बॉनेटखाली वाकलाय,
एकेक होज चाचपतोय.
"गळती नाही," म्हणतो, "कुठेच नाही,
मग तापली कशी?"

मी दोरा सोडते.
मध जरा कडवट आहे,
चेस्टनटचा असावा.