एकशे ऐंशी ग्रॅम

साडेतीनला कांदा चिरून झालेला असतो.
प्रमिला रोवळीतले पोहे बोटांत दाबून बघते.
कणी मोडली पाहिजे, लगदा व्हायला नको,
त्यामधली वेळ तिला घड्याळात सांगता येत नाही.
मी ओट्याच्या या टोकाला डबे मांडतो,
फॉइलचे, चौकोनी, कडेने बोट कापणारे.
बारा-बाराच्या पाच ओळी.

ओळीची सवय जुनी.
सव्वीस वर्षं रबाळ्याला औषधांच्या कंपनीत
पट्ट्यावरून बाटल्या यायच्या
आणि कमी भरलेली मी बाजूला काढायचो.
जास्त भरलेलीसुद्धा.
बघावं लागायचं नाही,
अपुरी बाटली वेगळी किणकिणते.

कंपनी गेली. भोंगा गेला.
आता तिथे काचेची इमारत आहे, खाली कारंजं,
आत काय बनतं
ते मला पोरांनी तीनदा समजावलंय.
मी मान डोलावतो आणि सुटे पैसे परत देतो.

वजनकाटा मी माझ्या पैशाने आणला.
एकशे ऐंशी ग्रॅम. वर खोबरं.
लिंबाची फोड कोपऱ्यात, तोंड वर करून,
नाहीतर वाफेने पाझरते.
प्रमिला म्हणते, माणसांना खाऊ घालताय
का सोनं तोलताय?
ती हाताने भरते.
तिच्या मुठीत कुणी दोनशे, कुणी एकशे साठ,
आणि तिची पाठ वळली की मी सगळे सारखे करतो.

झाकणावर मार्करने खुणा.
फुली म्हणजे मिरची नको.
टिंब म्हणजे कांदा नको; चातुर्मासात टिंबं वाढतात.
गोल म्हणजे पैसे पहिल्या तारखेला.
गोल फार झालेत, ती म्हणते.
येते ना पहिली तारीख, मी म्हणतो.

पाच-दहाला स्कूटर काढायची.
पायाशी पेटी, पेटीत जुनी सतरंजी,
सतरंजीत साठ डबे, गरम, पिल्लांसारखे.
कोपरखैरण्याच्या तीन टाकीपाशी
कंपन्यांच्या बसगाड्या लागतात, तळोजा, पाताळगंगा.
ढेबे ड्रायव्हर स्टिअरिंगवरच डबा उघडतात.
ओले केस, गळ्यात ओळखपत्रं,
डोळे अजून घरीच राहिलेले.
आणि उलट्या दिशेने येणारा रामसजीवन, एटीएमचा रखवालदार,
त्याचं हे रात्रीचं जेवण.
त्याला मी गुड मॉर्निंग म्हणत नाही.

मंगळवारी मिताली भोईर म्हणाली,
काका, पोहे कमी झाले हो हल्ली.
तक्रार नव्हती. गारवा पडलाय म्हणावं, तसं.
एकशे ऐंशी, मी म्हणालो.
ती हसली. बसचं दार लागलं.

घरी येऊन उरलेला डबा काट्यावर ठेवला.
एकशे ऐंशी.
सेल काढून पुन्हा घातले.
एकशे ऐंशी.

प्रमिला कढई घासत होती.
कुठली ती? खूण काय तिची?
फुली. आणि गोल.
गोल कधीपासून?
मी वही काढली. दिवाळीपासून.
नळ बंद झाला.
मग ती रात्रीची जेवत नसेल, प्रमिला म्हणाली,
आणि परत घासायला लागली, अधिक जोरात.

बुधवारी तिसऱ्या ओळीतला सातवा डबा
मी काट्यावर ठेवलाच नाही.
प्रमिलाने भरला, मग तळव्याने दाबला, मग आणखी भरला,
झाकण बसेना तेव्हा मी वरून दोन रबर लावले.
ओळीत तो उंच दिसत होता,
पट्ट्यावर असता तर एव्हाना बाजूला गेला असता.
उचलताना मनगटाला कळलं.
हात जुन्या सवयीने थबकला क्षणभर,
मग तो डबा सतरंजीत सगळ्यांत खाली ठेवला,
ऊब जास्त वेळ राहते तिथे.

गुरुवारी बसच्या खिडकीतून ती म्हणाली,
काका, काल लिंबू विसरलात.

विसरलो नव्हतो.
फोडीला जागाच उरली नव्हती.