तेरा मिलिमीटर

घाई करू नकोस, डेल्विन.
डबीत पन्नास आहेत, सगळ्या सारख्याच दिसतात,
बिनभोकाच्या बटणांसारख्या.
आधी कंपनीचं नाव विसर.
एकेक उचल आणि या काचेवर सोड,
वीतभर वरून.
ऐक.
ही म्हणते टक्. हीपण टक्. ही
ठप्प.
ठप्पवाली आतून भुसभुशीत.
पहिले आठ दिवस गोड बोलेल,
मग आळंबीसारखी पसरेल टोपणाबाहेर,
त्यातून जुलैत, जेव्हा आपल्या टेबलाचं कापडसुद्धा
पापडासारखं सादळतं.

तू म्हणतोस, कडक दे.
ब्रेक मारला की पंधराच्या पंधरा फुटले पाहिजेत,
खाली टायरवाल्याला कळलं पाहिजे.
देईन.
पण कडक टीप चूक झाकत नाही.
मध्यापासून जरा सरकलास की चिरकते,
सगळ्या हॉलसमोर.
मऊ असते ती पांढऱ्याला किंचित धरून ठेवते,
कानात काहीतरी सांगते
आणि मग सोडते.
तुला बॉलला काही सांगायचंय,
की नुसतंच मारायचंय?

हसू नको. विचार कर तोवर.

मला हे या हॉलमध्ये कुणी शिकवलं नाही.
आमचे दादा कुर्ल्याला, ठक्कर बाप्पा कॉलनीत
चपलांचे तळ कापायचे.
मी सांगितलं, सायनला क्यूंना टिपा बसवतो,
तर म्हणाले, टीप? टीप तर मशीनवर मारतात.
एकदाच आले बघायला, या जिन्यानं.
चपला दाराबाहेर काढल्या.
आत सगळे बुटांत होते.
कुणी काढायला सांगितलं नव्हतं.

टेबल दोनवर फायनल चालली होती,
चाळीस माणसं श्वास धरून.
दादांनी तिकडे पाहिलंच नाही.
माझ्या ट्रेमधली एक टीप घेतली,
नखानं दाबली, नाकाशी नेली,
जिभेच्या टोकाला लावली.
डुकराचं, म्हणाले. पाठीचं आहे, पोटाचं नाही.
चुन्यात एक रात्र जास्त राहिलंय.
सातशे रुपयांची जपानी टीप होती ती.
मी तिला परत कधी सातशेची म्हणून पाहू शकलो नाही.

मग विचारलं, बॉल किती वेळ टेकतो हिला?
पापणी लवायच्या आत सुटतो, मी म्हटलं.
बराच वेळ गप्प होते.
माझ्या कातड्यावर माणसं दिवसभर उभी असतात,
म्हणाले,
आणि वीस रुपयांसाठी घासाघीस करतात.
रागानं नाही. हिशोब सांगावा तसं.

पुढच्या आठवड्यात एक पुडी पाठवली.
म्हशीचं, खांद्याचं, हिरड्यात मुरवलेलं,
रापीनं गोल कापलेलं.
तेराच्या जागी साडेतेरा.
शेगड्यात चार दिवस दाबून ठेवलं मी,
माझ्या क्यूला लावलं.
खरं सांगू? चांगली नाही.
खडू फार खाते,
दर पंधरवड्याला कड फुगते, घासावी लागते.
तुला विकली नसती.

बदललेली नाही.

हां, ही ठेव. आणि ही. ही नको.
मधली घे, आठ पदरांची,
तुझ्या मनगटाला ती पुरे.
गोंदाचा एकच थेंब, दोन नाही.
क्यू उलटी, टीप फरशीवर, ब्लेड कडेनं खाली,
मग थुंकी लावून चामड्यानंच घोटायची,
चामड्याला चामड्यानंच चकाकी येते.
वरचा घुमट चार आण्याच्या नाण्याएवढा.
नाणं आहे माझ्याकडे.
बाजारात चालत नाही, इथे चालतं.

पैसे राहू देत.
टेबल चार मोकळं आहे, एक शॉट मार, हळू.
नाही, मला बघायचं नाही.
मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो.
मार.