लवणी

आमच्याकडे ‘पण’ म्हणायचं असलं की ‘खरं’ म्हणतात.
भट्टी चांगली चालली होती, खरं बंद पडली.
एवढाच इतिहास. बाकीचं
चिरेगाळीत कुणी लिहून ठेवलेलं नाही.

बस्त्यांव सोजच्या बापाने घाटाखालून भाण आणलं
बैलाच्या पाठीवर, पोटात गवत कोंबून,
नाक्यावर वाजू नये म्हणून.
तेव्हा राज्य मुंबईचं, आणि दारू बंद.
सात वर्षं भाण विहिरीत उलटं टांगलेलं.
म्हातारे सांगतात, त्या वर्षांत
पाण्याला तांब्याची चव होती
आणि गावात कुणाचं पोट बिघडलं नाही.

मग एका रात्रीत आम्ही म्हैसूरचे झालो.
शाळेतलं पुस्तक बदललं, एस.टी.चा रंग बदलला,
बऱ्याच उशिराने शिक्का मारलेला परवाना आला.
दारावरची पाटी तीनदा रंगवली.
उन्हात खालचं अक्षर वरच्यातून दिसायचं.

फाल्गुनात बोंडं यायची डोक्यावरून,
पिवळी, लाल, फुटलेली.
कातळाच्या कोळंबीत सटुप्पा गुडघाभर रसात नाचायचा;
मे संपेपर्यंत मधमाश्या त्याचे पाय सोडायच्या नाहीत.
भाणाच्या तोंडाला वारुळाची माती,
वाकडी नळी खाली लवणीत,
आणि लवणी नाल्याच्या पाण्यात
म्हशीसारखी बसलेली, थंड.

धारवाडहून अबकारीचा साहेब आला.
त्याला मराठी येत नव्हतं,
सटुप्पाला कानडी शिव्यांपुरतंच.
सटुप्पाने बाटली हलवून उजेडात धरली.
मणी वर आले, काठाला धरून राहिले.
साहेब मोजू लागला, ओंदू, येरडू, मूरू,
सटुप्पाही मोजत होता, आपल्या भाषेत.
दोघं एकाच मण्यावर थांबले.
त्या वर्षी दंड झाला नाही.

माझी आई तिथे बाटल्या धुवायची.
शंभराला बारा आणे, पुढे दोन रुपये,
फुटली तर कापून.
सोड्याचं पाणी, काथ्याचा बोळा, सकाळचं ऊन.
बाप संध्याकाळी त्याच बाटल्या रिकाम्या करायचा.
असं सांगितलं की लोक हसतात. हसण्यासारखंच आहे.
अडतिसाव्या वर्षी तो गेला, डोळे बोंडासारखे पिवळे.
त्या दिवशी तिच्या साठ धुऊन झाल्या होत्या,
चाळीस राहिल्या.
बस्त्यांवने हिशेब साठांचाच केला.

बायकांचा अर्ज निघाला तेव्हा पहिला अंगठा तिचा.
म्हणजे टेकवला तिने, उमटला नुसता निळा डाग.
रेषाच नव्हत्या. सोड्याने खाल्लेल्या.
तलाठ्याने पुसून पुन्हा लावायला सांगितला.
पुन्हा डाग.
मग दुसऱ्या हाताचा. तोही तसाच.
“ही निशाणी कुणाची समजायची?” तो म्हणाला.
आई म्हणाली, “भट्टीची.”

भट्टी त्या अर्जाने बंद झाली नाही.
अर्ज खानापुरातच कुठेतरी पडून राहिला.
हुकूम आला तो बेंगळुरातून, सगळ्यांना मिळून एकच,
त्यात आमच्या गावाचं नावसुद्धा नव्हतं.
कुलपावर लाख ओतली. एक कोंबडी आतच राहिली होती,
तिच्यासाठी कौलं काढावी लागली.

भाण किलोवर गेलं, शहापुरात.
सटुप्पा टेम्पोमागे वळणापर्यंत चालला,
मग लघवीला आल्यासारखं करून
झाडाकडे तोंड फिरवून उभा राहिला. बराच वेळ.

आईची बाकी अकराशे निघत होती.
बस्त्यांवकडे पैसे नव्हते. त्याने लवणी दिली.

ती आता आमच्या न्हाणीत, तीन दगडांवर.
इतकी वर्षं जिला गार ठेवलं
तिच्याखाली आई रोज पहाटे जाळ घालते.
परवा मी विचारलं, “वास येऊलालाय काय गं अजून?”
तिने झाकण सारलं, वाफेत वाकली,
नाक हुंगत राहिली, मला वाटलं त्याहून जास्त वेळ.
“न्हाई,” म्हणाली. “खरं...”
आणि नातवाला हाक मारली,
पाणी निवायच्या आत.