काँगो रेड

कापडासाठी काढला होता हा रंग, जर्मनीत, फार पूर्वी.
तुरटी नको, खटपट नको, सूत बुडवलं की लाल.
नाव मात्र दूरच्या नदीचं दिलं, खपायला बरं म्हणून.
फितूर निघाला.
व्हिनेगरच्या शिंतोड्यानं निळा पडायचा,
धुवायला काढला की शेजारच्या सदऱ्यालाही लागायचा.
कापडवाल्यांनी नाद सोडला.

आता तो इथं, पोव्होआच्या इस्पितळात,
माझ्या फडताळात, मीठ आणि अल्कोहोलच्या सोबतीनं.

गाव त्याला ओळखत नाही.
गाव ओळखतं ते दुखणं: पावलांचं.
इवल्या पावलांचं, म्हणतात आमचे मासेमार,
जणू रांगतं मूल आहे.
आधी तळवे बधिर. गळ रुतला तरी कळत नाही,
बायको फरशीवरचं रक्त पाहून ओरडते तेव्हा कळतं.
मग गुडघे. मग पोटात अन्न ठरत नाही. मग काळीज.
बाबा बेचाळिसाव्या वर्षी.

होडीवर, जाळ्याच्या बुचांवर, थडग्यावर
आमच्या घराण्याची खूण कोरलेली असते:
दोन उभ्या रेघा, एक तिरकी.
थोरल्यानं त्यात एक रेघ वाढवायची.
धाकट्याला ती मिळते जशीच्या तशी.
मुलींचं कुणी ठरवलेलं नाही.

आज सकाळी चारशे बारा.
ओठाच्या आतून काढलेला तांदळाएवढा तुकडा.
नाव नसतं, नंबरच असतो.
वीस मिनिटं रंगात. मग धुतलं, पुन्हा धुतलं.
जिथं धरायचं तिथं तो धरून बसला.
सुतावरून उतरला असता.
भिंगाखाली विटकरी, फिकट, विशेष काही नाही.
मग मी वरची काच फिरवली.
उजेड मावळला, आणि काळोखात
कच्च्या सफरचंदाचा हिरवा.

डॉक्टर ग्रासिंदांना हाक मारली.
त्यांनी पाहिलं, लिहिलं, चष्मा पुसला.

रात्री व्हेनान्सिउ जेवायला आला, माझा धाकटा.
खालचा ओठ सुजलेला, आत काळा टाका.
"गळ लागला," म्हणाला.

मी सार्डिनवर लिंबू पिळत होते.
नखाशी राहिलेला लाल ठिपका
त्याच्यासमोर निळा झाला.
"हे काय?"
"रंग. कामावरचा."
"जाईल?"
"कापडावरून जातो," मी म्हणाले,
आणि त्याच्या ताटातले काटे वेगळे करू लागले,
तो चार वर्षांचा असताना करायचे तसे.

त्यानं करू दिलं.
टेबलाखाली पाय मात्र
खुर्चीच्या आत ओढून घेतले.