या, ताई

वसुबारसेच्या पंधरा दिवस आधी मला वर्दी मिळाली,
खांद्यात सैल, छातीवर आधीच्या बाईचं नाव: मंदा लोंढे.
तसंच राहू दिलं.
वीस दिवसांसाठी कोण उसवत बसतं?

तावरेंनी पहिल्याच सकाळी शिकवलं:
तोंडाकडे बघू नका, हातांकडे बघा.
तोंड सगळ्यांचंच सणाचं असतं.
ऑक्टोबरच्या उन्हात शाल पांघरलेली बाई,
बाळ नसलेली बाबागाडी,
शेजारच्या दुकानाची पिशवी, फुगलेली पण हलकी.
आणि भांडण.
काउंटरवर दोघी भांडायला लागल्या
की भांडणाकडे पाठ करायची आणि तिसरी शोधायची.

दारावर गुंदेचाशेठनी स्वतः लिहिलेली पाटी:
पिशवी बाहेर ठेवावी.
आमचा तुमच्यावर विश्वास आहे, पिशवीवर नाही.
लोक थांबून तिचा फोटो काढतात
आणि पिशवी घेऊन आत जातात.

खरं कुलूप जिभेवर असतं, तावरे म्हणाले.
येईल त्याला म्हणायचं, या ताई, या काका.
या म्हटलं की माणसाला कळतं, आपण दिसलो.
दिसलेला माणूस सहसा उचलत नाही.

मग काय, लक्ष्मी रोडवर कुंटे चौकापर्यंत
माणसं मळलेल्या कणकेसारखी एकमेकांत गेलेली
आणि मी आपली या, या, या.
अप्परच्या खोलीत झोपेतसुद्धा म्हणते,
असं पोरगी सांगते.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी एकजण दिसल्या.
बेचाळीस हजारांच्या साड्या बांधून झाल्या होत्या.
गल्ल्याशेजारच्या टोपलीतले दोन खणाचे बटवे
त्यांच्या पर्समध्ये गेले,
इतके अलगद, की जणू घरी चालले होते.
मी एक पाऊल पुढे टाकलं.
गादीवरून शेठनी नुसत्या पापण्या हलवल्या: नाही.
मग कॅशियरकडे वळून म्हणाले, वहिनींच्या बिलात फॉल-पिको धरलं का?
सातशे रुपये.
वहिनींनी न वाचता कार्ड दिलं,
गोड हसल्या, दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या.
मलासुद्धा. मंदाताई म्हणून.

दरवर्षी दोनच घेतात, शेठ म्हणाले,
गिऱ्हाईक फार चांगलं आहे.

त्याच रात्री साडेदहाला मागच्या दारापाशी रांग.
साड्या दाखवणाऱ्या मुली, दिवसभर उभ्या,
पर्स, डबा, पाण्याची बाटली.
उघडायचं काम माझं.
अर्पिता घुले मी काही बोलायच्या आत झाकण काढून धरायची.
अर्धी पोळी, लोणच्याचं तेल, एक चमचा.
माझ्याकडे बघायची नाही.
मीही डब्यातच बघायचे,
त्या अर्ध्या पोळीखाली काय असणार होतं?
शेवटी माझा डबा तावरे उघडायचे.
तावरेंचा कोण, ते मी विचारलं नाही.

पाडव्याला पगार झाला.
वर्दी जमा केली, मंदा लोंढे परत खुंटीला गेली.
पोरीला घेऊन दोन गल्ल्या पलीकडे फ्रॉक बघायला गेले.
पैसे ब्लाउजमध्ये, नवे, अजून न मोडलेले.

दारात माझ्याच वयाची एक, वर्दी हिच्याही खांद्यात सैल.
या ताई, म्हणाली.
काय गोड म्हणाली!
वीस दिवसांआधी कुणी असं म्हटलं असतं
तर मला बरंच वाटलं असतं.

पिशवी मी न मागता ठेवली.
पोरीला सांगितलं, लांबून बघ, हात लावू नको.
आणि काउंटरवर दोन्ही हात पालथे ठेवले,
बोटं पसरून,
बांगड्या भरायला ठेवतात तसे.

पोरगी मोरपंखी फ्रॉककडे बघत होती,
फ्रॉक दाखवणारी घड्या मोजत होती,
दारातली माझ्या तोंडाकडे अजिबात बघत नव्हती.
चांगली शिकली होती.